खोक्यावर फोर-के, फाइलमध्ये काय?

तीन ते सहा हजारांतल्या अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांबद्दल मागे चार ओळी लिहिल्या आणि प्रश्नांचा ढीग लागला. निम्मे प्रश्न ‘नेमका कुठला घेऊ?’ असेच होते. त्यांना एकच सांगतो: ज्याची सुटी बॅटरी बाजारात सहज मिळते तो घ्या. उरलेल्यांपैकी सात प्रश्न इथे घेतोय.

प्रश्न : साडेचार हजारांना कॅमेरा घेतला. खोक्यावर ठळक ‘फोर-के’ लिहिलंय, पण कास पठारावरचं शूटिंग टीव्हीवर लावलं तर मोबाइलपेक्षाही पुसट दिसतं. फसलो का? (एक वाचक, सातारा)

अर्धे फसलात. कॅमेरा खोटा नाही, आकडा फुगवलेला असावा. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख ठिपके. सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, तेवढे ठिपकेच नसतील तर कॅमेरा लहान चित्र घेतो आणि ताणून मोठं करतो. कणीक तेवढीच, पोळी मात्र परातीएवढी. ही युक्ती जुनी आहे. दहाएक वर्षांपूर्वी गाजलेला एसजेकॅमचा एसजे-४००० आठवा: जाहिरातीत १२ मेगापिक्सेल, आतला सेन्सर साडेतीनच्या आसपास. तरी तो पैसे वसूल करणारा कॅमेरा होता, कारण त्याचं १०८०पी (फुल एचडी) खरं होतं.

तुमच्याकडे काय आलंय ते पाहायला एक संध्याकाळ पुरते. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा तीन फुटांवर स्टुलावर घट्ट ठेवा. एकदा १०८०पी, एकदा फोर-के. मग कॉम्प्युटरवर दोन्हींतला तोच कोपरा सारख्या आकाराचा करून पाहा. फोर-केमध्ये एकही जास्तीचं अक्षर वाचता येत नसेल तर समजा, पोळी लाटलेली आहे.

दुसरी परीक्षा फ्रेमची. छताचा पंखा सर्वांत हळू फिरवा आणि शूट करा. ती फाइल व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून ‘ई’ हे बटण दाबत एकेक फ्रेम पुढे जा. पातं एका फ्रेमला सरकतं आणि पुढच्या फ्रेमला जागेवरच थांबतं, असं आळीपाळीने होत असेल तर तुमचे ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) म्हणजे ३०चीच दोनदा छापलेली प्रत. फोर-केमध्ये मी सेकंदाला १५ खऱ्या फ्रेम असलेलेही कॅमेरे पाहिलेत.

तिसरं, मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन फाइलचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा साठवला जातो तो आकडा, वाचा. गोप्रोचे अलीकडचे कॅमेरे फोर-केला सेकंदाला १०० मेगाबिट आणि त्याहूनही वर जातात. तुमची फाइल २५-३० दाखवत असेल तर कासची फुलं, गवत, झुडपं असा बारीक तपशील तिथेच चिरडला जातो. घरातली कोरी भिंत छान येते आणि पठार चिखलासारखं दिसतं, त्याचं कारण हेच. तेव्हा खोक्यावरचा आकडा विसरा, १०८०पी ठेवा आणि मेनूत ‘क्वालिटी’ असेल तर ती सर्वांत वरची निवडा.

प्रश्न : बुलेटच्या हँडलला कॅमेरा लावला. रस्ता, झाडं, विजेचे खांब सगळं जेलीसारखं हलतं. ‘स्टॅबिलायझेशन’ चालू होतं. (कोल्हापूर)

हा दोष स्टॅबिलायझेशनच्या आवाक्यातला नाही. असले सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाहीत, वरच्या ओळीपासून खालपर्यंत ओळीमागून ओळ वाचत येतात. वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत पोहोचेस्तोवर एका सिलिंडरच्या इंजिनाने हँडल थरथरवलेलं असतं. म्हणून खांब नागमोडी. एकदा फाइलमध्ये गेलेली जेली सॉफ्टवेअरने धडपणे निघत नाही.

कॅमेरा हँडलवरून काढा आणि हेल्मेटच्या हनुवटीशी लावा. तुमची मान हा फुकटात मिळालेला उत्तम शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे. हेल्मेट नको असेल तर छातीचा पट्टा. हँडलवरच हवा असा हट्ट असेल तर क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन वेढे घाला आणि लांब दांडी टाळा, जोडणी जितकी आखूड तितकी थरथर कमी. आणि रात्री स्टॅबिलायझेशन बंदच ठेवा. अंधारात शटर मंद होतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम जास्त वेळ टिपली जाते, आणि हादऱ्याचा धूसरपणा प्रत्येक फ्रेममध्येच उतरतो. कॅमेरा चौकट स्थिर करतो, आतलं चित्र मात्र ठणकत राहतं. ते पाहून डोकं दुखतं.

प्रश्न : आमच्या ढोल-ताशा पथकाचा व्हिडिओ सुरेख आला, पण आवाज म्हणजे नुसता खरखराट! (पुणे)

ताई, इवल्याशा माइकला ताशाच्या तर्रीपुढे उभं केलंत, तो बिचारा काय करणार. माइकच्या छिद्रावर सर्जिकल टेपचे दोन-तीन थर लावून पाहा, बऱ्यापैकी फरक पडतो. त्यापेक्षा चांगलं म्हणजे वीसेक पावलं लांब एक मोबाइल ठेवून फक्त आवाज रेकॉर्ड करायचा आणि सुरुवातीला दोघांसमोर एक टाळी वाजवायची. नंतर एडिटिंगला ती टाळी जुळवली की झालं.

प्रश्न : न्यू जर्सीत घेतलेला कॅमेरा भाचीच्या लग्नाला नाशिकला आणला. दिवसाचं चित्रण झकास, पण हॉलमध्ये सगळीकडे काळ्या पट्ट्या सरकताहेत. कॅमेरा बिघडला का?

कॅमेरा ठणठणीत आहे, तो अजून अमेरिकेतच आहे इतकंच. तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५०. आपल्याकडचे जुन्या चोकचे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. तो सेकंदाला ३० फ्रेम घेतो, १००ला ३०ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये अंधाराची पट्टी वेगळ्या जागी पडते आणि सरकल्यासारखी दिसते. उन्हात शूट केलेलं स्वच्छ येतं, कारण सूर्याला चोक नाही.

मेनूत ‘फ्रीक्वेन्सी’ किंवा ‘लाइट सोर्स’ असं काहीतरी सापडेल, तिथे ५० करा. त्यामुळे शटरचा वेग दिव्यांशी जुळता राहतो. काही मॉडेलांत यासोबत फ्रेम रेट ३०चा २५ होतो. मग जुनं आणि नवं चित्रण एकाच व्हिडिओत जोडताना चाल किंचित अडखळते, पण पट्ट्यांपेक्षा ते परवडलं. झालेल्या चित्रणावर एडिटिंगमधला ‘डीफ्लिकर’ चालवून पाहा. झगमग कमी होईल, पट्ट्या मात्र पूर्ण जाणार नाहीत. सप्तपदीचा भाग मोबाइलवर कुणीतरी काढलेला असेलच, तो मागून घ्या.

प्रश्न : पावसात ट्रेकला गेलो की वॉटरप्रूफ केस आतून धुरकट होते. गळतेय का? दिवाळीत तारकर्लीला स्नॉर्केलिंगसाठी न्यायची आहे. (डोंबिवली)

बहुधा गळत नाही. तुम्ही केस बंद केलीत तेव्हा जी दमट हवा आत कोंडली, तिचंच ते दव. कॅमेरा आत तापतो, बाहेरून पाऊस काच गार करतो, पाणी काचेवर धरतं. गडावर ढगात उभं राहून बॅटरी बदलायला केस उघडलीत तर पुढचे दोन तास गेलेच म्हणून समजा. केस घरून, शक्यतो एसीच्या खोलीत किंवा गाडीत एसी लावून बंद करा. आत सिलिका जेलची चपटी पुडी सरकवा. बुटांच्या खोक्यातली चालते, पण आधी कढईत मंद आचेवर गरम करून कोरडी केलेली हवी. गरम करायचे ते नुसते मणी, कागदी पुडीसकट नव्हे. त्यासाठी जुनी कढई घ्या, घरातल्यांची बोलणी मी खाल्ली आहेत.

गळतीची परीक्षा वेगळी. कॅमेरा बाहेर काढा, केसमध्ये टिश्यू पेपर ठेवा, वजन बांधून बादलीत अर्धा तास बुडवा. टिश्यू कोरडा राहिला तर रबरी रिंग शाबूत. खोक्यावरच्या ‘३० मीटर’वर मात्र बादलीच्या भरवशाने विसंबू नका. दर १० मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका वाढतो आणि बादलीत जेमतेम एक फूट पाणी असतं. स्नॉर्केलिंगमध्ये तुम्ही पृष्ठभागाजवळच असता, तेवढ्याला अडचण येऊ नये. रिंगवर डोक्याचा एक केस किंवा वाळूचा कण असला तरी पाणी वाट काढतं, म्हणून बंद करण्याआधी बोट फिरवून बघा. किनाऱ्यावर आल्यावर केस न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. खारं पाणी वाळलं की बटणांच्या स्प्रिंगा धरतात.

प्रश्न : जवळचं स्वच्छ, लांबचे डोंगर कायम धूसर. दुकानदार म्हणतो, ‘स्वस्तातला आहे, असंच येणार.’ (जुन्नर)

दुकानदाराचं ऐकू नका. या कॅमेऱ्यांना ऑटोफोकस नसतो. लेन्स कारखान्यातच एका जागी फिरवून गोंदाने चिकटवतात, आणि नीट बसलेली असेल तर हातभर अंतरापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट यायला हवं. तुमची थोडी बाहेर राहिली आहे.

वॉरंटी असेल तर आधी बदलून मागा. नसेल तर पुढचं नीट समजून घ्या: लेन्सला बारीक आटे असतात, बहुतेकांचे अर्ध्या मिलिमीटरचे. म्हणजे पाव फेरा फिरवला तर लेन्स मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढीच सरकते, आणि तेवढंही इथे खूप होतं. पुढची पट्टी काढा, लेन्स आणि तिची बैठक यांवर पेनाने सरळ रेघ मारा. परत यायची ती खूण. गोंद हेअर ड्रायरने मऊ करा, दाभणाने खरवडा, पण कण आत पडू देऊ नका. कॅमेऱ्याला स्क्रीन असेल तरी तिच्यावर विश्वास नको, ती फारच लहान असते. लांबच्या पाटीवर रोखून, केसभर आत फिरवून, फाइल कॉम्प्युटरवर बघायची, पुन्हा फिरवायची. माझी पहिली लेन्स मी पक्कडीने धरली होती. तिच्या कडेचा टवका अजून ड्रॉवरमध्ये आहे. रबरी हातमोजा घाला, बोटांनी पुरतं.

प्रश्न : फर्मवेअर बदलून बिटरेट वाढवता येतो असं वाचलं. करू का? (नांदेड)

फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर. ते बदलावं का, हे कॅमेरा कुठला त्यावर आहे. शाओमीचा २०१५चा यी कॅमेरा या बाबतीत मोठा गुणी. मेमरी कार्डावर ‘ऑटोएक्सेक’ नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवली की चालू होताना तो तिच्यातल्या सूचना पाळतो, बिटरेट वाढवतो, शटरचा वेग पक्का करून देतो. फाइल पुसली की मूळ पदावर. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलीत तर ओळींची अखेर वेगळी पडते आणि कॅमेरा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, एवढंच सांभाळा.

बिननावाच्या कॅमेऱ्यात मात्र फर्मवेअरला हात लावू नका. एसजे-४०००ची नक्कल करणारे कितीतरी कॅमेरे बाहेरून जुळ्या भावासारखे, आतली चिप भलतीच. मूळ कॅमेऱ्याचं फर्मवेअर त्यात घातलं की दिवासुद्धा लागत नाही. आणि बिटरेट वाढवण्याआधी कार्ड तपासा: ‘व्ही३०’ म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी. छाप खरा आहे का, हे एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने आख्खं कार्ड भरून बघा. स्वस्तात मिळालेलं १२८ जीबीचं कार्ड आत ८ जीबीचं निघू शकतं, आणि ते कळतं थेट सुट्टीवरून परतल्यावर.