एकच जुनी मॅच बघायची तर : हार्ट विरुद्ध ऑस्टिन, रेसलमेनिया १३

"रेसलिंग कधी पाहिलं नाही, सगळं आधीच ठरलेलं असतं हे माहीत आहे, तरी एकच जुनी मॅच बघायची झाली तर कोणती?" या प्रश्नावर माझं उत्तर पक्कं आहे: ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, WWF चा (आताच्या WWE चा) वर्षातला सगळ्यात मोठा शो रेसलमेनिया, २३ मार्च १९९७, शिकागोजवळचं रोझमाँट. निकाल ठरलेला असतो हे मान्य. पण तो प्रेक्षकांच्या गळी कसा उतरवायचा, ही सगळी कला इथे उघड दिसते.

थोडी पार्श्वभूमी. हार्ट हा सज्जन नायक, ऑस्टिन तोंडाळ खलनायक. पण गेले काही महिने हार्ट सतत "माझ्यावर अन्याय होतोय" म्हणत होता आणि लोक त्याला कंटाळू लागले होते. उलट ऑस्टिनच्या शिव्याशाप त्यांना आवडू लागले होते. मॅच सबमिशनची, म्हणजे समोरच्याने हार कबूल केली तरच जिंकता येणार. रेफरी केन शॅमरॉक, खऱ्याखुऱ्या फाइट्समधून आलेला.

सुरुवातीची मारामारी प्रेक्षकांमध्येच होते, ती मजेत बघा. खरं लक्ष द्या ते हार्ट ऑस्टिनच्या गुडघ्यामागे लागतो तिथून. एका क्षणी तो ऑस्टिनचा पाय घडीच्या खुर्चीत अडकवून वरच्या दोरावर चढतो. हीच युक्ती ऑस्टिनने आदल्या वर्षी ब्रायन पिलमन या दुसऱ्या रेसलरवर वापरली होती. म्हणजे आता नायक खलनायकाची हत्यारं उचलतोय! पण ऑस्टिन सुटतो आणि तीच खुर्ची हार्टवर हाणतो. इथे कान उघडे ठेवा, कोणाच्या फटक्याला लोक ओरडतात ते ऐका.

शेवटी शार्पशूटर. पाय पिळून पाठ वाकवणारी ही पकड हार्टची हुकमी. ऑस्टिनचं कपाळ फुटलेलं, रक्त दातांच्या फटींतून ओघळतंय, कॅमेरा थेट चेहऱ्यावर. तो सगळा जोर लावून हार्टला जवळजवळ पाडतो, पण हार्ट तोल सावरून पकड पुन्हा आवळतो. ऑस्टिन शेवटपर्यंत हार मानत नाही, शुद्ध हरपते आणि शॅमरॉक मॅच थांबवतो. कागदावर हार्ट जिंकला. एकाच मॅचमध्ये दोघांच्या बाजू इतक्या स्वच्छ बदललेल्या मी दुसरीकडे पाहिल्या नाहीत. नायक खलनायक झाला आणि खलनायक नायक: 'डबल टर्न' म्हणतात तो हाच.

घंटा झाली म्हणून बंद करू नका. हार्ट बेशुद्ध माणसाला पुन्हा मारायला जातो, शॅमरॉक त्याला उचलून फेकतो, आणि मदतीला आलेल्या दुसऱ्या रेफरीलाच स्टनर हा आपला हुकमी डाव देऊन ऑस्टिन स्वतःच्या पायांनी लंगडत जातो. पुढच्याच वर्षी रेसलमेनिया १४ मध्ये तो चॅम्पियन झाला.

आवडली तर मग मागे जाऊन या दोघांची सर्व्हायव्हर सिरीज १९९६ या शोमधली मॅच बघा. ती शांत आहे, डावपेचांची आहे, आणि निव्वळ कुस्ती म्हणून कदाचित सरसच. पण सुरुवात तिथून नको.