‘ती ऐकूनच शिकते, वाचून काही शिरत नाही’

रेवा (नाव बदललं आहे) दहावीची. सहामाहीत विज्ञानात गुण घसरले म्हणून आई तिला माझ्याकडे घेऊन आली. निदान घरीच झालं होतं. मोबाइलवरच्या प्रश्नावलीनं तिला ‘ऑडिटरी लर्नर’, म्हणजे ऐकून शिकणारी, ठरवलं होतं. “मॅडम, हिला ऐकून अभ्यास कसा करायचा तेवढं सांगा,” आई म्हणाली. हल्ली बरेच पालक असं लेबल घेऊनच येतात.

रेवाला विचारलं, भिंगांचा धडा झाला? “कितीदा तरी ऐकलाय!” मग कोरा कागद पुढे केला. बहिर्वक्र भिंग, वस्तू नाभी आणि नाभीच्या दुप्पट अंतराच्या मध्ये, प्रतिमा काढ. तिनं अक्ष आखला, समांतर किरण पलीकडच्या नाभीतून नेला आणि अडली. दुसरा किरण, भिंगाच्या मध्यातून सरळ जाणारा, आठवेना. “ऐकताना कळलं होतं हो,” ती पुटपुटली.

ऐकताना कळतंच. वाचतानाही कळतं. परीक्षेत मात्र समोर काही नसताना ते आठवावं लागतं आणि तो सराव तिनं केलाच नव्हता.

कुणी ऐकून शिकतं, कुणी बघून, अशा शैलीनुसार शिकवलं तर जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 साली उपलब्ध संशोधन तपासून काढला. आवड असते, ती खरी. पण किरणाकृती काढावीच लागते आणि कवितेची चाल ऐकावीच लागते, मूल कुठल्याही शैलीचं असो. उलट रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवला, पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले: त्यांना उताऱ्यातलं 56 टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना 42.

रेवाचं ऐकणं मी बंद केलं नाही. धडा ऐकायचा, फोन आईकडे द्यायचा, आठवेल ते कागदावर उतरवायचं, मग पुस्तकाशी ताडून राहिलेलं लाल पेनानं भरायचं. दोन दिवसांनी तोच धडा पुन्हा, कोऱ्या कागदावर. सुरुवातीला कागद लालच दिसतो आणि मुलं वैतागतात. रेवाही वैतागली. आईला एवढंच बजावलं, लाल बघून बोलू नका.

एक मात्र वेगळं धरा: वाचताना अक्षरंच उलटसुलट होत असतील, ओळ सुटत असेल, तर अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी करून घ्या. निदान झालं तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, म्हणून दहावीची वाट बघू नका.