फाटकावरून परत फिरू नकोस

प्रिय मुला,

काल रात्रीचा तुझा मेसेज मी पहाटे वाचला. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलास, पार्किंगमध्ये चाळीस मिनिटं बसून राहिलास आणि धडधड थोडी कमी झाल्यावर आत न जाताच घरी आलास. कारण काय, तर "दोन महिन्यांत तीनदा जाऊन आलो, तिन्ही वेळा इसीजी नॉर्मल. आता चौथ्यांदा कोणत्या तोंडानं जाऊ?"

ज्या तोंडानं धापा टाकत होतास, त्याच तोंडानं जायचं.

मी अठ्ठावीस वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर होते हे तुला ठाऊक आहे, पण तिथलं आतलं कधी फारसं सांगितलं नाही. छातीत दुखतंय म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांचा इसीजी नॉर्मल निघतो. तो नॉर्मल निघाला की आम्ही सुटकेचा श्वास टाकतो, "उगाच आला" असं म्हणत नाही. निदान म्हणू नये. काहीजण म्हणतात, आणि एकदा मीही म्हटलं होतं. तुझ्याच वयाचा एक मुलगा होता, आठवड्यात दुसऱ्यांदा आलेला. रात्रीची ड्युटी, बाहेर अपघाताचे दोन पेशंट. मी त्याच्या हातात इसीजीची पट्टी दिली आणि म्हणाले, "काही झालेलं नाही, घरी जा, झोप." तो गेला. तीन महिन्यांनी आला तेव्हा त्याची आई त्याला धरून घेऊन आली होती. कॉलेज सुटलं होतं, बसमध्ये चढणं सुटलं होतं, घराचा जिना उतरायलाही सोबत लागत होती. हृदय ठणठणीत होतं. मी "काही झालेलं नाही" म्हटलं होतं, आणि त्याला जे झालं होतं ते तीन महिने वाढत राहिलं होतं. ते वाक्य मी त्यानंतर कुणाला म्हटलं नाही.

म्हणून तुला बजावून सांगते: नॉर्मल इसीजीचा अर्थ एवढाच की त्या घटकेला हृदयाच्या पट्टीवर काही दिसलं नाही. तुला त्रास झाला नाही असा तो दाखला नव्हे. हे ओळखायला डॉक्टरांनाही वेळच लागला. 1871 साली जेकब डा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं. छातीत कळा, धडधड, धाप, आणि तपासलं तर हृदयात दोष नाही. त्यानं त्याला 'चिडखोर हृदय' म्हटलं. आज ती लक्षणं वाचली की त्यातली बरीचशी तुझ्या मेसेजसारखीच वाटतात. 'पॅनिक डिसऑर्डर', म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके, हे वेगळं निदान म्हणून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तिकेत आलं ते 1980 मध्ये. शंभराहून जास्त वर्षं गेली. तेव्हा एखाद्या थकलेल्या डॉक्टरनं खांदे उडवले तर मनाला फार लावून घेऊ नकोस.

आता पार्किंगबद्दल. तिथे बसून तू काय करत होतास? स्वतःचं निदान. हे हृदयाचं की मनाचं, हे तू अंधारात, थरथरत्या हातानं मोबाइलवर शोधत होतास. ते काम तुझं नाही. पॅनिक अटॅक म्हणायच्या आधी बाकीच्या गोष्टी नाहीत ना हे बघावं लागतं. थायरॉइड वाढला तर असंच होतं. साखर एकदम उतरली, हृदयाची लय बिघडली, दम्याचा झटका आला, फुप्फुसात गुठळी अडकली, रक्त कमी झालं, तरीही. पूर्वीचे तीन झटके पॅनिकचे होते म्हणून चौथाही तोच असेल असं बसल्या जागेवरून कुणीच सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही, आणि मला फोन करून विचारूही नकोस. आधी जा, मग फोन कर.

तरी प्रत्येक झटक्याला धावायचं का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि वीस-तीस मिनिटांत ओसरू लागतो. थकवा मात्र पुढे तासन्‌तास राहतो. तुझा नेहमीचा झटका कसा असतो हे आता तुला पाठ आहे. डॉक्टरांनी एकदा नीट तपासून "हा पॅनिकच" असं सांगितलेलं असेल आणि झटका त्याच ओळखीच्या वाटेनं येऊन जात असेल, तर घरीच बसून तो ओसरू द्यायला हरकत नाही. पण वाट बदलली की थांबायचं नाही. दुखणं हातात, जबड्यात किंवा पाठीत गेलं, जिना चढताना किंवा धावताना सुरू झालं, शुद्ध हरपली, ओठ निळसर दिसले, बोलताना जीभ जड झाली किंवा एका बाजूचा हात उचलेना, अर्धा तास उलटला तरी उतार नाही, किंवा एक संपतो न संपतो तोच दुसरा, असं दिवसभर चाललंय. यातलं काहीही झालं तर रुग्णवाहिका बोलाव. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. काल तू तेच केलंस, आणि खरं सांगू, मला तुझ्या छातीपेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली.

आत गेल्यावर टेबलाशी पहिलं वाक्य काय बोलतोस याला महत्त्व आहे. "मला पॅनिक अटॅक आलाय" अशी सुरुवात करू नकोस. समोरचा माणूस तेवढंच ऐकेल आणि तुला बाकावर बसवेल. जे होतंय ते सांग: "छातीत दुखतंय, श्वास पुरत नाही, वीस मिनिटं झाली." आणि लगेच पुढे: "असे झटके पूर्वी आलेत, तेव्हा इसीजी नॉर्मल होता." दुसरं लपवायचं नाही, पण पहिलं आधी. छातीत दुखतंय म्हटलं की पोचल्यापासून दहा मिनिटांत इसीजी काढावा असा नियम आहे, तो मागायला संकोच करू नकोस. बोलवत नसेल तर हे दोन्ही आताच मोबाइलमध्ये लिहून ठेव आणि स्क्रीन पुढे कर. जुने कागद सोबत ने. आणि काय काय पोटात गेलंय ते सगळं सांग: परीक्षेच्या जागरणासाठी घेतलेली एनर्जी ड्रिंक्स, सर्दीची गोळी, दम्याचा पंप, मित्रानं दिलेलं काहीबाही, रोजची दारू अचानक सोडली असेल तर तेही. आम्ही पोलीस नव्हे.

मग बोटाला चिमटा लावतील आणि त्यावर ऑक्सिजन 99 दिसेल. तुला वाटेल मशिन बिघडलंय, कारण तुला तर हवाच मिळत नाहीये. मशिन बहुतेक बरोबर असतं. भीतीनं तू भराभर, खोल श्वास घेतोस. त्यातून ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. तो घटला की रक्ताचा आम्ल-अल्कली तोल सरकतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून भोवळ. रक्तातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या. कधी बोटं आखडून वाकडी होतात. ते बघून नातेवाईक रडू लागतात आणि पेशंट आणखी घाबरतो. श्वास संथ झाला की बोटं आपोआप सुटतात. फक्त कागदी पिशवीत श्वास घेऊ नकोस, कुणी कितीही अनुभवानं सांगितलं तरी. पूर्वी आम्हीही सांगायचो. पण त्रास खरंच हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर पिशवीनं ऑक्सिजन घटतो आणि जिवावर बेततं. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लाव, एवढं पुरे.

गरज वाटली तर ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी, रक्ततपासणी करतील, काही तासांनी पुन्हा करतील. कंटाळून मधेच उठून जाऊ नकोस. फारच तडफड होत असेल तर लोराझेपामसारखी गोळी देतील. त्या रात्रीपुरती ती चांगली. पण शांत वाटलं म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणून रोज घ्यायची नाही. सवय लागते, आणि रोज घेतलेली एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते.

तुझी खरी चूक मात्र पार्किंगमधली नव्हे, आधीच्या तीन रात्रींची आहे. तिन्ही वेळा "रिपोर्ट नॉर्मल" ऐकलंस आणि शरमेनं पट्टी घडी करून खिशात घातलीस. त्या क्षणी विचारायचं होतं: "मग मला जे होतंय त्याचं नाव काय, आणि उद्या मी कुणाकडे जाऊ?" हा प्रश्न इतका सरळ आहे की डॉक्टरला टाळता येत नाही. उत्तर केस पेपरवर लिहून घे. कॅज्युअल्टी तुला त्या रात्रीतून बाहेर काढेल. पुढची रात्र येऊ नये ही व्यवस्था मानसोपचारतज्ज्ञाकडे होते.

तिथे दोन वाटा आहेत आणि पुष्कळदा दोन्ही एकदम चालतात. सर्ट्रालिन किंवा एस्सिटॅलोप्रॅमसारखी गोळी असर दाखवायला काही आठवडे घेते. सुरुवातीला थोडी अस्वस्थता वाढू शकते, म्हणून कमी मात्रेनं सुरू करतात. हे माहीत नसल्यानं चौथ्या दिवशी गोळी फेकून दिलेले खूप बघितलेत. दुसरी वाट सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची. त्यात गंमत अशी की थेरपिस्ट तुला मुद्दाम खुर्चीत गरगर फिरवेल, जागच्या जागी पळायला लावेल, छाती धडधडू देईल. धडधडीमागून मरण येत नाही हे शरीराला अनुभवानं कळावं म्हणून. 1986 मध्ये डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं जे मांडलं ते थोडक्यात हेच: छातीतल्या साध्या धडधडीचा आपण "आता मी मेलो" असा अर्थ लावतो, त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं धडधड.

आणि एक. तुझ्या मेसेजच्या शेवटी होतं, "यापेक्षा झोपेतच संपलो तर बरं." म्हणूनच सहाला तुला उठवून फोन केला. "वैतागून लिहिलं, मावशी, तसं काही नाही," म्हणालास. मी मान्य केलं. तरी लिहून ठेवते: तो विचार वैताग म्हणून न येता ठरून येऊ लागला, तर छातीत काहीही होत नसलं तरी कॅज्युअल्टीत जायचं आणि टेबलाशी म्हणायचं, "मला स्वतःची भीती वाटतेय." तीही इमर्जन्सीच आहे, तितकीच मोठी. त्या रात्री एकटं राहायचं नाही. घरातल्या गोळ्या आजच रूममेटच्या ताब्यात दे. त्याला कारण सांगायचं नसेल तर मावशीनं सांगितलं म्हण.

आज दुपारपर्यंत अपॉइंटमेंट घे. तोवर रात्री काही झालं तर रूममेटला उठव, त्याला शिव्या घालू देत, पण सोबत ने. जुने तिन्ही केस पेपर फोटो काढून मला पाठव. डॉक्टरांचं अक्षर मला अजून लागतं.

तुझी,
मावशी