टक्कर, धडक आणि अपघात यांत फरक काय? आणि कम्प्युटरमध्ये 'कोलिजन' म्हणजे कोण कोणावर आदळतं?

आमच्याकडे गावात हा फरक बिनबोभाट पाळला जातो. दोन गोऱ्हे शिंगाला शिंग लावतात ती टक्कर. रानडुक्कर मोटरसायकलवर येतं ती धडक, कारण जोर एकाच बाजूचा. अपघाताला तर आदळणंही लागत नाही; बंडी नाल्यात उलटली तरी अपघातच. (पेपरवाले सगळं एकाच मापात घालतात, ते सोडा.)

भौतिकशास्त्रातली टक्कर अंगणात कंचे खेळताना दिसते. कंच्यावर कंचा नेमका बसला की मारणारा जवळजवळ जागीच थबकतो आणि समोरचा सुसाट सुटतो. याउलट पोळ्याच्या बैलांसाठी भिजवलेल्या काळ्या मातीचे दोन गोळे एकमेकांवर फेका, चिकटून बसतील. एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग) दोन्हीकडे कायम राहतो; मातीत गतिज ऊर्जा मात्र चेपण्यात आणि उष्णतेत जाते.

भूगर्भशास्त्रातली टक्कर सुमारे 5 कोटी वर्षं चालू आहे, भारतीय आणि युरेशियन भूपट्टांची. हिमालय त्यातूनच वर आला.

कम्प्युटरमध्ये काहीच आदळत नाही. वेगवेगळ्या दोन फाइलींचा हॅश, म्हणजे आकड्या-अक्षरांचा ठसा, सारखाच निघाला की ते कोलिजन. 'एसएचए-1' या पद्धतीत ते 2017 मध्ये करून दाखवलं गेलं. रेशनच्या यादीत एकाच नावाचे दोघे निघाले की जो घोळ होतो, त्याच जातीचं हे प्रकरण. इथे मी तरी 'टक्कर' म्हणणार नाही, 'कोलिजन'च बरं.