गाडी घेण्याआधी वही काढ

कराड, १२ जानेवारी २०२६

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो चष्मा लावून तीनदा पाहिले. २०१३ ची मारुती ईको, सात आसनी, ७८,००० किलोमीटर पळालेली, मागणी दोन लाख तीस हजार. गाडी दिसायला छान आहे. मागच्या सीट काढल्या की प्रदर्शनात विकायच्या मसाल्याची तीस खोकी आरामात बसतील असं तू लिहिलं आहेस, आणि खाली, 'काकू, तुम्ही हो म्हणालात की टोकन देते.' तुला उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण मी माझी जुनी वही शोधत होते. ती माळ्यावर पापडाच्या लाटण्यांखाली सापडली.

माझी मारुती व्हॅन तुला आठवत असेल. तू शाळेत होतीस तेव्हा तिच्या सरकत्या दारात तुझं बोट सापडलं होतं. २००९ ची ती व्हॅन मी २०१४ मध्ये एक लाख दहा हजारांना घेतली आणि २०२१ च्या सुरुवातीला पंचावन्न हजारांना विकली. म्हणजे सात वर्षांत गाडीवर फक्त पंचावन्न हजार गेले असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि मलाही ते खरंच वाटत होतं. वहीतले आकडे मी पहिल्यांदा सलग मिळवले ते या चार दिवसांत, तुझ्यामुळे.

विम्याचे साडेचोवीस हजार. पीयूसीचे दीड हजार. दरवर्षीचं सर्व्हिसिंग, चार टायर, दोन बॅटऱ्या, क्लचप्लेट, रेडिएटर, सायलेन्सर आणि पत्राकाम मिळून अठ्ठावन्न हजार. शेजारच्या वाड्यात गाडी लावायचे महिन्याला पाचशे, त्याचे सात वर्षांत बेचाळीस हजार. आणि किमतीत गेलेले पंचावन्न. एक लाख एक्याऐंशी हजार झाले, तेही पेट्रोल सोडून.

त्याच वहीत मी गाडी बाहेर काढली की तारखेसमोर फुली मारत असे. पहिल्या वर्षी ४१ फुल्या, मग ३८, ३३, २९, २२, १४, आणि २०२० मध्ये पाच. सगळ्या मिळून १८२. म्हणजे गाडी रस्त्यावर आली त्या प्रत्येक दिवसाचे मला जवळपास हजार रुपये पडले, आणि त्यावर पेट्रोल वेगळं. पहिल्या दोन वर्षांत गाडीनं मला नक्की तारलं. शेवटच्या दोन वर्षांत मी फक्त तिची जागा भाड्यानं सांभाळत होते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका बाजूनं चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात. विमा मात्र उभ्या गाडीचाही तेवढाच भरावा लागतो.

आता तुझ्या गाडीचा हिशेब. किंमत दोन तीस. नाव बदलणं, विमा आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी नवी नंबरप्लेट (चारचाकीची ७४५ रुपये आणि वर जीएसटी, आधीच बसवली आहे का ते विचार) असे सगळे धरून बारा हजार. फोटोत पुढचे टायर गुळगुळीत दिसतात, तेव्हा टायर, बॅटरी, ब्रेक, ऑइल यांचे तीस हजार पहिल्या महिन्यातच धर. गाडी दारात उभी राहीपर्यंत दोन बहात्तर झाले.

गाडीची नोंदणी नोव्हेंबर २०१३ ची आहे. खासगी गाडीचं आरसी पंधरा वर्षं चालतं, म्हणजे नोव्हेंबर २०२८ पर्यंत. त्यानंतर आरटीओत तपासणी, पाच हजार फी, वर पर्यावरण कर, आणि मग पुढची पाच वर्षं मिळतात. गाडी आत्ता विकायला का काढली असेल याचं एक उत्तर त्या तारखेत असू शकतं. त्याआधी तू विकलीस आणि दीड लाख आले असं समजू. तीन वर्षांत एक लाख बावीस हजार गेले, वर्षाला साधारण एक्केचाळीस हजार. विम्याचे सहा धर. एक हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीचा नुसता थर्ड पार्टीच २०२२ च्या दरानं ३,४१६ रुपये आहे. सर्व्हिसिंग आणि किरकोळ कामाचे बारा. मलकापुरात तुझ्या बिल्डिंगला पार्किंग नाही, त्याचे वर्षाला बारा. आणि दोन बहात्तर बँकेत राहिले असते तर सात टक्क्यांनी एकोणीस हजार व्याज आलं असतं, तेही धरायचं. वर्षाचे नव्वद हजार झाले. एक फेरी न मारता.

लगेच नाही म्हणू नकोस, कारण दुसरी बाजूही मी मांडली आहे. पुण्याला पाच दिवसांचं प्रदर्शन असलं की भाड्याचा छोटा हत्ती दोनदा लागतो, सोडायला एकदा आणि आणायला एकदा. दोन्ही वेळा रिकाम्या परतीचे पैसे आपणच देतो. तू सांगितलेल्या साडेपाच हजारांनी ते अकरा हजार होतात. स्वतःची गाडी एकदाच जाते, तिथंच थांबते आणि एकदाच येते. सव्वातीनशे किलोमीटरला अडीच हजारांचं पेट्रोल आणि टोल, तीन हजार धर. म्हणजे एका प्रदर्शनामागे आठ हजार वाचतात. हे वाचणं खरं आहे, आणि गाडी घेण्यामागे तुझी जी भावना आहे ती चुकीची नाही.

नव्वद हजारांना आठ हजारांनी भाग. वर्षाला अकरा-बारा परगावची प्रदर्शनं झाली तर गाडी स्वतःचा खर्च काढते. गेल्या वर्षी तुझी किती झाली? मी मोजली. भीमथडी, मुंबईचं महालक्ष्मी सरस, कोल्हापूरची दोन, पुण्यातल्या सोसायटीतली दोन. सहा. त्यातलं कोल्हापूर तर इथून दीड तासावर आहे, तिथं वाचणारी रक्कम आणखी कमी. यंदा चौदा करायचा तुझा विचार आहे, आणि तू करशीलही. पण अर्ज केला म्हणजे स्टॉल मिळतोच असं नाही, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र खरं तर लिहायला बसले ती सांगते. फोनवर सांगितली असती तर तू 'बघू' म्हणून पुढं गेली असतीस.

२०१६ च्या जुलैत उंब्रजजवळ माझ्या व्हॅनला मागून टेम्पोनं ठोकलं. पाऊस होता, टेम्पोवाला थांबलाही नाही. मला काही झालं नाही, पण मागचं दार आत गेलं आणि चाळीस किलो मसाला रस्त्यावर पसरला. लाल चिखल झाला होता नुसता. मी फुल इन्शुरन्स भरलेला होता म्हणून मनातून निर्धास्त होते. सर्व्हेअर आला आणि त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, गाडीत काय होतं? मी अभिमानानं सांगितलं, माझा माल होता. क्लेम नामंजूर झाला. पॉलिसीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ही गाडी भाड्यासाठी वापरायची नाही, आणि नमुने किंवा स्वतःचं सामान सोडून इतर माल वाहायला वापरायची नाही. मी ते पान कधी वाचलंच नव्हतं. पत्राकामाचे चौदा हजार खिशातून दिले. त्या रात्री मला पैशांपेक्षा दुसऱ्याच विचारानं झोप लागली नाही. त्या दिवशी माझ्या गाडीखाली कुणी आलं असतं तर?

तुझी ईको पांढऱ्या पाटीची, खासगी प्रवासी गाडी म्हणून नोंदलेली आहे. सीट काढून तिच्यात तीस खोकी विक्रीचा माल भरलास की तू नेमकी माझ्या जागेवर येतेस. शिवाय आरसीवर सात आसनं लिहिलेली असताना गाडीचं रूप आपल्या मनानं बदलता येत नाही, त्याला आरटीओची परवानगी लागते. 'सगळेच करतात' असं गाडीवाला म्हणेल. सगळे करतात, खरं आहे. ठोकर बसेपर्यंत सगळ्यांचं चालतं.

माल वाहायचा तर माल वाहण्यासाठी नोंदलेली, पिवळ्या पाटीची गाडी बघ. ईकोतही ती मिळते, पुढे दोन सीट आणि मागे सगळी जागा. लायसन्सची काळजी नको. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहनाला साधं हलक्या वाहनाचं (एलएमव्ही) लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला तसा निकाल दिला आहे. आणि गाडीचं मालासकट एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलं की परमिटही लागत नाही. मात्र फिटनेस सर्टिफिकेट लागतं, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. विमा जास्त बसतो. दोनशे वेळा टोलनाका ओलांडायचा जो वार्षिक फास्टॅग पास ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांत सुरू झाला तोही मिळत नाही, तो खासगी गाड्यांनाच आहे. हे सगळं धरलं की माझा नव्वद हजारांचा आकडा लाखाच्या वर जाईल.

दिल्लीहून आणलेल्या स्वस्त गाड्यांचाही तू उल्लेख केला होतास. तिकडे जुन्या गाड्यांवर बंधनं आहेत म्हणून त्या स्वस्त मिळतात. पण तिकडचा ना हरकत दाखला (एनओसी), इथली नव्यानं नोंदणी आणि इथला कर यांत तो स्वस्तपणा विरघळून जातो. त्या वाटेला जाऊच नकोस.

आणखी एक खर्च माझ्या वहीत कुठंच लिहिलेला नाही. प्रदर्शन रात्री साडेनऊला बंद होतं. आवरून खोकी भरेपर्यंत बारा वाजतात. गाडी स्वतःची आणि दाराशी उभी असली की वाटतं, मुक्कामाचे पैसे कशाला, दोन-अडीच तासांत घरी पोचू. पाच दिवस उभं राहून पाय सुजलेले असताना मी असा खंबाटकी घाट किती वेळा चढले, देवाला माहीत. एकदा सुरूरच्या अलीकडे माझा डोळा लागला आणि रस्त्याच्या कडेच्या खडीचा आवाज झाला म्हणून मी जागी झाले. हे मी आजवर घरात कुणालाही सांगितलेलं नाही. भाड्याच्या टेम्पोला दिलेल्या पैशांत झोप झालेला एक ड्रायव्हरही येतो, तेव्हा ते पैसे मनात सल ठेवून देऊ नकोस.

आणि मिरची. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मिरची बाजारात भरपूर येईल. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, दोन्ही वर्षभराची याच दोन महिन्यांत घ्यायची असते. गेल्या वर्षी हातात पैसे नव्हते म्हणून तू थोडी थोडी घेत राहिलीस आणि दिवाळीच्या मालासाठी ऑगस्टमध्ये चढ्या भावानं घेतलीस. रंगही तितका आला नाही, तुझ्या गिऱ्हाइकानंच तुला सांगितलं. दोन लाख बहात्तर हजारांत तुझी अख्ख्या वर्षाची मिरची, धणे, खोबरं आणि डंकावरची कुटणावळ निघते. तू गाडी घेतलीस तर यंदाही मिरची उधारीवर येईल. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं आहे.

म्हणून या गाडीला माझं नाही आहे. गाडी या कल्पनेला नाही. यंदा तूही वहीत फुल्या मार. परगावची बारा प्रदर्शनं भरली तर पुढच्या जानेवारीत आपण दोघी पिवळ्या पाटीची गाडी बघायला जाऊ, आणि कमी पडतील ते चाळीस-पन्नास हजार मी देईन.

तेव्हा काय बघायचं ते आत्ताच लिहून ठेवते, माझी स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. गाडी सकाळी थंड इंजिनावर सुरू करायला सांगायची. आपण पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर परत फिरायचं. या गाड्यांचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तेव्हा सीट उचलून ऑइलची गळती बघायची. पायाखालचं मॅट उचलून पत्रा बघायचा, आणि सरकत्या दाराची खालची पट्टीही, कारण गंज तिथून सुरू होतो. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी टायर सात वर्षांचा असेल तर तो बदलण्याचे पैसे किमतीतून वजा. सीएनजी असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. चलन बाकी आहे का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आधीच बघायचं. विकणाऱ्याच्या सह्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर, बोजा असेल तर ३५ वरही. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट, आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

तोवरची सोय मी काल बघून आले. उंब्रजची ती घोंगडीवाली आठवते का, भीमथडीत तुझ्या समोरच्या रांगेत होती? तीही पुण्याला एकटीच टेम्पो करते. तिचे आठ गठ्ठे असतात, हलके पण जागा खाणारे. दोघींत एक टेम्पो केला तर तुझे अकराचे साडेपाच हजार होतात, आणि मग गाडी परवडायला तुला वर्षाला छत्तीस प्रदर्शनं करावी लागतील. तिची तयारी आहे. घोंगड्यांना मसाल्याचा वास लागेल एवढीच तिची शंका होती. मी तिला सांगितलं की तुझी खोकी आतून प्लॅस्टिकनं बंद असतात. तेवढं आता तू खरं कर, आणि सोमवारी तिला फोन कर. दुपारी तीननंतर, सकाळी ती शेतावर असते.

तुझी,
काकू