बाबा वावरात, मी लॅपटॉपसमोर

मावशी, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २७. पुण्याला नोकरीत होतो. बाबांची तब्येत ढासळली म्हणून कंपनीकडून घरून काम मागून घेतलं. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळं ड्युटी दुपारी दोन ते रात्री अकरा. बाबा कापसाच्या पऱ्हाटीत राबतात आणि मी घरापुढच्या सपरीत पंख्याखाली खाटेवर बसतो, याची लाज वाटते. म्हणून कुणी हाक मारली की उठतो. परवा कानात मिटिंग आणि पाठीवर फवारा, असं चाललं होतं. राहिलेलं काम रात्री दोनपर्यंत करतो, पाचला आई उठवते. मान आखडली आहे, डोकं दुखतं. कामाबद्दल कंपनीचा दोनदा मेल आला. गावात विचारतात, "नोकरी गेली का रे?" कधी कधी वाटतं, सगळं सोडून कुठंतरी निघून जावं. काय करू?
– तुमचा एक भाचा

बाळा,

आधी फवारणीचं बोलते, बाकी सगळं नंतर. कानात मिटिंग घेऊन फवारणी पुन्हा करायची नाही. २०१७ च्या खरिपात तुझ्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. तू तेव्हा शाळा-कॉलेजात असशील, घरात ते बोलणं ऐकलं असशील. औषध श्वासातून जातं तसं कातडीतूनही अंगात जातं. वारा कुठून येतो हे सतत पाहावं लागतं, तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकायचं नसतं, उपाशी पोटी आणि भर दुपारी तर जायचंच नसतं. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि घरी आल्यावर आंघोळ होईपर्यंत कशालाही हात नाही. त्याच हातांनी तू कानातला फोन नीट करत असशील, या विचारानं मला झोप लागली नाही. तुझं डोकं जागरणानंच दुखत असेल. पण फवारणीनंतर डोकं दुखलं, मळमळलं किंवा डोळ्यांपुढं अंधुक झालं तर त्याच दिवशी औषधाचा डबा सोबत घेऊन डॉक्टरकडं जायचं. डब्यावरचं नाव पाहून त्यांना उपचार ठरवता येतात.

आता लाजेचं. बाबा राबतात आणि आपण सावलीत बसतो, हे ज्या मुलाला टोचतं त्याचं मन चांगलंच आहे. पण तुझी लाज तुला चुकीच्या ठिकाणी नेते आहे. तू गावी आलास तो बाबांची तब्येत ढासळली म्हणून. मग फवारा अजून घरातल्याच पाठीवर का आहे? तुझा पगार आहे. फवारणीला, डवरणीला, निंदणाला रोजानं माणसं लाव आणि मजुरी तू दे. मात्र जो माणूस फवारेल त्यालाही तेच हातमोजे आणि तोच मास्क मिळाला पाहिजे, त्याच्या घरीही कुणी वाट पाहत असतं. दुपारी मिटिंग सोडून तासभर वावरात जाऊन आलास तर बाबांचं ओझं कितीसं कमी होतं? नोकरी टिकली तर वर्षभर त्यांच्या पाठीवरचं वजन उतरतं. वावरातलं तुझं खरं काम तो पगार आहे, आणि सध्या तू तोच धोक्यात घालतो आहेस.

हे बाबांना त्यांच्या भाषेत सांग. सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, ठेवणं त्यांना माहीत आहे. गुढीपाडव्याला साल ठरलं की तो माणूस त्या घराला बांधलेला असतो, त्याला दुपारी दुसऱ्याच्या वावरात कुणी बोलावत नाही. कंपनीशी तुझं तसंच ठरलेलं आहे. "बाबा, दोनपासून रात्री अकरापर्यंतची माझी वेळ विकलेली आहे. सकाळी साडेसात ते दहा मी तुमच्या हाताखाली. त्यात सांगाल ते करतो." एवढंच सांग, पण एकदा जवळ बसून, सकाळच्या चहाच्या वेळी सांग. मिटिंगच्या मध्येच चिडून सांगितलंस तर ते भांडणच होईल. पगारातून घराचं काय काय भागतं, कोणतं कर्ज फिटतं, हेही कागदावर लिहून दाखव. माझा अनुभव असा की आपल्याकडच्या बापांना पोराच्या कामाचा राग नसतो. ते काम त्यांना दिसत नाही, एवढंच असतं.

ते दिसावं म्हणून सपरी सोड. सपरी येणाऱ्या-जाणाऱ्याची जागा आहे. तिथं बसलेला माणूस रिकामाच वाटतो, मग कुणी पाणी मागतं, कुणी आधार कार्डाचा फॉर्म भरून मागतं. आतली खोली घे, धान्याची पोती एका बाजूला सरकवावी लागली तरी चालेल. दार लोटलेलं म्हणजे ड्युटी, उघडं म्हणजे तू घरचा. सुरुवातीला आई दारावर टकटक करीलच. रागावू नकोस, पण उठूही नकोस.

आईशी झोपेबद्दल वेगळं बोल. अकराला काम संपवणारा माणूस बाराला झोपतो, त्याला सातच्या आत उठवायचं नाही. ती पाचला उठवते ती मायेनं आणि सवयीनं. तुझ्या रात्रीचा हिशेब तिला ठाऊकच नसेल. एक गोष्ट घरी आधीच सांगून ठेव. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडं संध्याकाळचे साडेसहा असतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागं जातात, मग साडेसात. तेव्हा तुझी ड्युटी पुढं सरकली तर त्याच वेळी इकडं कापसाची वेचणी ऐन भरात असेल. सकाळचे तासही तेव्हा नव्यानं ठरवावे लागतील.

मानेसाठी खाट सोडणं हाच निम्मा इलाज. टेबल-खुर्ची घे. लॅपटॉपखाली विटा ठेवून पडदा डोळ्यांच्या रेषेत आण, कीबोर्ड आणि माऊस वेगळे. दर वीस मिनिटांनी खिडकीतून वीसेक फूट लांब, वीस सेकंद पाहत जा. वीज कधीही जाते, म्हणून राउटरपुरता छोटा यूपीएस आण. कडाडायला लागलं की चार्जर काढायचा, तेव्हा कुठलीही मिटिंग महत्त्वाची नाही. साहेबांनाही एकदा फोन करून वीज आणि नेटची अडचण स्पष्ट सांग, म्हणजे तुझं गप्प बसणं त्यांना हलगर्जीपणा वाटणार नाही.

दुपारचं जेवण मात्र खोलीत घेऊ नकोस. एक वाजता आई-बाबांसोबत बसून जेव, मग दार लोट. गावातल्या "नोकरी गेली का"ला "नाही, चालू आहे" एवढंच उत्तर पुरे.

"निघून जावं" हे तू सहज लिहिलं असशील, मी ते सहज वाचलं नाही. पुण्यातले मित्र तुटले, इथं तुझ्या कामाचं बोलायला कुणी नाही, आणि झोप तीन तासांची. अशात मन असं म्हणू लागतं. एका मित्राला आजच फोन कर, बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला जाऊन माणसांत बस. तो विचार पुन्हा पुन्हा आला, किंवा जीव नकोसा वाटला, तर १४४१६ लाव. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास सुरू असते आणि मराठीत बोलता येतं. बाबांनाही हा नंबर देऊन ठेव, आजारी शेतकऱ्याचं मनही थकतं.

बाबांशी पोळ्याच्या आधी बोल. आणि पोळ्याची रजा आजच टाक, त्या दिवशी बैल सजवायला तू दिवसभर त्यांच्यासोबत हवास. ते काय म्हणाले, मला कळव.

– तुझी मावशी