मुलांमागे सरकारी भत्ता दिला तर लोकसंख्या आणखी वाढणार नाही का? मग तो बंदच का करू नये?

हिशोब सरळ वाटतो ना, पैसे मिळतात म्हणून लोक मुलं जन्माला घालतात, नळ बंद करा. मलाही आधी हेच पटायचं. पण आम्ही दुसऱ्या मुलाचा विचार करत होतो तेव्हा रात्र रात्र बोलणं झालं आणि त्यात भत्ता हा शब्दही निघाला नाही. निघालं काय, तर बाळाला ताप आला की रजा कोण टाकणार आणि बायकोचं प्रमोशन हुकलं तर परत कधी मिळणार. शेवटी एकावरच थांबलो.

ब्रिटनने नळ बंद करून बघितलाय. ६ एप्रिल २०१७ पासून जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलांसाठी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी जादा मदत नाही, असा नियम. जन्मदर हलला तो अगदी नावापुरता, मोठ्या कुटुंबांतली गरिबी मात्र वाढली. कित्येक आईबापांना तर हा नियम मूल झाल्यावर, अर्ज करताना कळला, मग तो आधी काय डोंबल रोखणार! आणि त्यातला अपवाद ऐका, मूल बलात्कारातून झालं असेल तर पैसे मिळायचे, पण बाईने ते डॉक्टर किंवा सोशल वर्करला सांगून फॉर्म भरून घ्यायचा, वर त्या माणसासोबत आता राहत नाही हेही लिहून द्यायचं. एका भत्त्यासाठी. २०२५ च्या बजेटमध्ये शेवटी हा नियम काढायचं जाहीर झालं.

उलट्या बाजूने बघा, दक्षिण कोरिया कित्येक वर्षं मुलं व्हावीत म्हणून पैसा ओततोय आणि २०२३ मध्ये तिथला दर बाईमागे ०.७२ मुलं इतका खाली गेला. कामाचे तास, घरांच्या किमती, मुलांच्या क्लासची फी, यापुढे भत्ता म्हणजे दर्या में खसखस.

जन्मदर खरंच कशाने उतरतो म्हणाल तर मुलं जगायला लागली, मुली शाळेत टिकल्या आणि गर्भनिरोधक हाताशी आली की. बांगलादेशात आरोग्यसेविका ही साधनं घेऊन घरोघर जायच्या, देश तेव्हा चांगलाच गरीब होता, तरी सहाच्या वरचा दर दोनच्या आसपास आला.

हां, भत्ता सरसकट द्यावा की फक्त गरजूंना यावर वाद घाला, मला सरसकट बरा वाटतो कारण गरिबी सिद्ध करायच्या कागदपत्रांतच खरे गरीब गळतात.

आणि दर बाईमागे २.१ मुलांवर, म्हणजे लोकसंख्या पुढे स्थिर राहील इतका खाली आला तरी लोकसंख्या पुढची काही दशकं वाढतच राहते बरं का. कारण आई व्हायच्या वयातल्या बायकाच तेव्हा जास्त असतात, आणि त्या तर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच जन्मल्यात, आज भत्ता बंद करून त्यांची संख्या थोडीच कमी होणारे.